एकाच भट्टीतले दोन दात

गेल्या अंकात कॅप बसवण्याआधी काय विचारावं यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर पत्रं आली ती बहुतेक रंगाबद्दलच. नव्या वाचकांसाठी एक खुलासा करतो: मी डॉक्टर नाही. डॉक्टर दातांचं माप घेतात आणि ते माप ज्याच्या टेबलावर येऊन पडतं, तो मी. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर, उत्तरेला खिडकी असलेल्या खोलीत बत्तीस वर्षं दात बनवतोय. त्याआधी आमच्या घरी चांदीचं काम, हुपरीला. तेव्हा औषधपाण्याचं मला विचारू नका. जाडी, भट्टी आणि रंग यांचं खुशाल विचारा.

प्रश्न: मी शाळेत शिकवते. वरच्या पुढच्या दोन दातांना एकाच दिवशी, एकाच मटेरियलच्या कॅप बसवल्या. शेडही एकच, ए२ (दातांच्या रंगपट्टीवरचा एक रंग). उजवा दात अगदी खरा वाटतो. डावा मात्र करडा, मळकट दिसतो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलंसुद्धा, ‘बाई, दाताला काय लागलंय?’ डाव्या दाताचं पूर्वी रूट कॅनल झालं होतं आणि आत धातूचा पोस्ट (आधाराची खुंटी) आहे. डॉक्टर म्हणतात, दोन्ही कॅप सारख्याच आहेत. मग मला एक नकली दिली गेली का? आणि चूक कुणाची?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर: बाई, नकली नाही. डॉक्टर खोटंही बोलत नाहीत. दोन्ही कॅप सारख्या आहेत, आणि खालचे दात सारखे नाहीत. सगळी गोम तिथं आहे.

आपल्याला वाटतं की कॅपला रंग दिला की झालं, दाराला ऑइलपेंट मारल्यासारखं. पण तुम्हाला बसवलेलं मटेरियल वर्णनावरून लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेचं सिरॅमिक दिसतंय (बाजारात बहुतेक जण त्याला ई-मॅक्स म्हणूनच ओळखतात), आणि ते पेंटसारखं वागत नाही. त्यातून उजेड आत जातो, खालच्या दाताला भेटतो आणि तिथला रंग घेऊन परत येतो. तुमच्या विद्यार्थिनीला जो रंग दिसला, तो कॅपचा, ती चिकटवणाऱ्या सिमेंटचा आणि आतल्या दाताचा मिळून झालेला.

घरी एक करून बघा. ओल्या नारळाची वाटी घ्या, पाठीची तपकिरी साल काढा आणि विळीवर दोन काप काढा. एक शक्य तेवढा पातळ, दुसरा तीन-चार मिलिमीटर जाड. पेपरातल्या ठळक काळ्या मथळ्यावर दोन्ही ठेवा. पातळ कापाखालून अक्षर दिसेल, जाड कापाखालून दिसणार नाही. नारळ तोच, वाटी तीच. पातळ कापाचं नीट निरीक्षण करा: अक्षरावरचा भाग करडा दिसतो आणि कोऱ्या कागदावरचा भाग पांढराशुभ्र. तुमचा डावा दात म्हणजे अक्षरावरचं खोबरं. उजवा म्हणजे कोऱ्या कागदावरचं. (ते खोबरं नंतर चटणीत घालू नका, शाई लागते.)

गंमत म्हणजे सिरॅमिकची पारभासकता, म्हणजे उजेड आरपार जाऊ देण्याचा गुण, मोजतात ती याच रीतीनं. ठरावीक जाडीची चकती आधी काळ्या आणि मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवतात, दोन्ही वेळचा रंग यंत्रानं मोजतात आणि त्या दोन रंगांतलं अंतर काढतात. अंतर जेवढं जास्त, तेवढा पदार्थ पारभासक. एक मिलिमीटर जाडीच्या खऱ्या इनॅमलचा (दाताच्या वरच्या कवचाचा) हा आकडा १८-१९ च्या आसपास येतो, आतल्या डेंटिनचा १६ च्या आसपास. आमचा सगळा खटाटोप या दोन आकड्यांच्या जवळपास राहण्याचा. तुलनेसाठी सांगतो: दोन दातांच्या रंगात सुमारे १.२ चा फरक पडला की निम्म्या लोकांच्या डोळ्यांना तो जाणवायला लागतो, आणि २.७ च्या पुढं गेला की निम्मे लोक ‘हे काही जुळलं नाही’ म्हणतात. म्हणजे बघा, किती बारीक कारभार आहे.

आता जाडीनं नेमकं काय होतं? उजेड अडतो तो दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणं कोल्हापूरकराला स्वयंपाकघरात भेटतात. एक दुधाचं. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलात की पेल्याच्या काचेला जो पातळ ओघळ राहतो, तो निळसर, आरपार दिसणारा असतो. पेलाभर दूध मात्र भिंतीसारखं पांढरं. दूध उजेड खात नाही, त्यातले स्निग्धाचे कण उजेडाला इकडंतिकडं भिरकावतात. थर जाड झाला की एवढ्या भिरकावण्यातून आरपार पोचणारा उजेड उरत नाही. दुसरं काकवीचं. भाकरीवर ओतताना धार सोनेरी दिसते, बरणीत तीच काकवी काळी. काकवी उजेड गिळते. सिरॅमिकमध्ये दोन्ही चालतं: आतले बारीक स्फटिक दुधासारखं काम करतात आणि रंगासाठी मिसळलेली धातूंची ऑक्साइडं काकवीसारखं.

आणि हे गणित सरळ रेषेत चालत नाही. प्रत्येक थर त्याच्यापर्यंत पोचलेल्या उजेडातला ठरावीक हिस्सा कापतो, जवळपास चक्रवाढ व्याजासारखं, फक्त उलटं. त्यामुळं कॅप अर्ध्या मिलिमीटरची एक मिलिमीटर झाली की चेहराच बदलतो. दीडची दोन झाली तर तेवढा बदलत नाही. पातळ कामात ०.२ मिलिमीटरवरून आम्ही डॉक्टरांशी फोनवर हुज्जत घालतो त्याचं कारण हेच.

तुमच्या उजव्या दातात जिवंत, पिवळसर डेंटिन आहे. एक मिलिमीटर कॅपमधून उजेड गेला, त्या उबदार रंगाला भिडून परत आला, झकास. डाव्यात तोच उजेड काळपटलेल्या दाताला आणि धातूच्या पोस्टला जाऊन भिडला. तो परत येतच नाही. उजेड परत आला नाही की दात करडा दिसतो. आमच्या भाषेत त्याला ‘व्हॅल्यू पडली’ म्हणतात. माझ्यासारख्याच्या टेबलावर हे कळत नाही, कारण तिथं कॅप प्लास्टरच्या मॉडेलवर बसलेली असते आणि प्लास्टर दोन्हीकडं सारखंच. तिथं दोघं जुळे भाऊ. फरक तोंडात गेल्यावर.

मग करायचं काय? पॉलिश करून किंवा वरून रंग देऊन हे जाणार नाही. डावी कॅप काढून नवी करावी लागेल. सर्वसाधारण पारभासक काचेच्या सिरॅमिकमध्ये खालचं सगळं झाकायला दोन मिलिमीटरच्या जवळपास जाडी हवी. पुढच्या दाताच्या दर्शनी बाजूनं एवढी जागा काढली तर उरलेला दात बिचारा काडीवर उभा राहील. तेव्हा जाडी वाढवण्याऐवजी पार्श्वभूमी बदलतात: धातूच्या पोस्टवर अपारदर्शक कंपोझिटचा (दात भरायच्या मसाल्याचा) हात फिरवतात किंवा जमत असेल तर पोस्टच बदलून फायबरचा घालतात. शिवाय मटेरियल तेच ठेवून ठोकळा बदलता येतो. लिथियम डायसिलिकेटचे ठोकळे एचटी, एमटी, एलटी, एमओ, एचओ असे पायऱ्यापायऱ्यांनी येतात. एचटी सर्वांत पारभासक, एचओ सर्वांत झाकणारा. डाव्यासाठी आतून एमओ किंवा एचओचं टोपण आणि वर नेहमीच्या पोर्सिलेनचा थर, हा माझा कौल. झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकच्या टोपणावरही जमतं. म्हणजे दोन दात एकसारखे दिसावेत म्हणून दोन वेगळ्या रीतींनी बनवायचे.

चूक कुणाची, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. ‘आत धातू आहे’ हे तीन शब्द लॅबच्या चिठ्ठीवर होते का, एवढं फक्त डॉक्टरांना विचारा. असतील तर चूक लॅबची. नसतील तर तुम्हाला उत्तर मिळालं.

प्रश्न: मला सगळ्यात पांढरी शेड हवी आहे, पैशाचा प्रश्न नाही. डॉक्टर टाळाटाळ करतात. तुम्ही सांगा त्यांना.
— एक सूतव्यापारी, इचलकरंजी

उत्तर: नाही सांगणार. एकट्या एका दाताला ती शेड दिली तर तो तोंडात ट्यूबलाइटसारखा एकटाच पेटेल. सगळेच पुढचे करणार असाल तर गोष्ट वेगळी, पण तिथंही अतिपांढरा रंग आणण्यासाठी मटेरियल अपारदर्शक घ्यावं लागतं, आणि अपारदर्शक पांढरा म्हणजे वॉशबेसिन. खऱ्या दाताची कड जरा निळसर, काचेसारखी असते, मान पिवळसर. धोतराचं सूत तुम्ही उजेडात धरून बघता ना, तसा एखाद्या तरुण मुलाचा दात बघा.

प्रश्न: मी बी.डी.एस. करून इंटर्नशिप करतोय. लॅबला चिठ्ठी लिहिताना आम्ही ‘ए२, सिरॅमिक’ एवढंच लिहितो. सीनियर म्हणतात तेवढं पुरतं. तुमच्या दृष्टीनं काय लिहायला हवं?
— एक होतकरू डॉक्टर, कोल्हापूर

उत्तर: डॉक्टरसाहेब, तुम्ही विचारलंत यातच सगळं आलं. ‘ए२, सिरॅमिक’ म्हणजे गुजरीत जाऊन ‘सोनं द्या, पिवळं’ म्हणण्यासारखं आहे.

आधी माझी फजिती सांगतो. लॅब सुरू करून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा सगळं काम धातूवर पोर्सिलेनचं. एका नवरदेवाचा पुढचा दात होता. डॉक्टरांनी कॅप परत पाठवली, ‘जाड वाटते’. मी घासली. पुन्हा परत आली, ‘अजून जाड’. पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी दर्शनी बाजूच्या मधोमध चुन्याच्या ठिपक्यासारखं पांढरं काहीतरी वर आलं. कॅलिपर लावला तर एकूण जाडी ०.९ मिलिमीटर. हिशेब करा: धातू ०.३, धातूचा काळेपणा झाकणारा ओपेक थर ०.२, राहिले ०.४. एवढ्यात डेंटिनचा थर, इनॅमलचा थर, सगळं बसवायचं, ते बसलं नव्हतं. घासता घासता मी ओपेकपर्यंत पोचलो होतो. त्या रात्री वडील हुपरीहून आले होते. त्यांनी कॅप बोटांत धरून दिव्याकडं केली आणि म्हणाले, ‘मीना उडालाय की रे.’ त्यांना दातांतलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. धातूवर काचेची पूड वितळवून चढवायची, हेच मीनाकाम आणि हेच आमचं काम. मीना पातळ पडला की खालचं अस्तर बोलायला लागतं.

त्या कामाला दर्शनी बाजूनं दीड मिलिमीटर जागा लागते. मला एकाहून कमी मिळाली होती. अशा वेळी तंत्रज्ञापुढं दोनच वाटा: जाड दात किंवा मेलेला दात. मी त्या दिवशी दोन्ही बनवले.

आता चिठ्ठीत काय हवं. दात घासून झाल्यावर जो बुंधा उरतो, त्याची शेड. त्याला स्टम्प शेड म्हणतात आणि त्याची वेगळी शेडगाइड मिळते. वरची शेड ए२ आणि बुंधा ए४, म्हणजे बराच गडद, हे कळलं की मी ठोकळाच दुसरा उचलतो. आत धातू, जुनं सिमेंट, काळा डाग जे असेल ते. एक फोटो, ज्यात शेडची पट्टी दाताच्या कडेला कड लावून, दाताच्याच पातळीत धरलेली असेल. पट्टी पुढं धरली की ती उजळ दिसते, मागं गेली की मळकी, आणि मी तुमच्या हाताच्या थरथरीप्रमाणं दात रंगवत बसतो.

शेड बघायची ती दात घासायच्या आधी, रुग्ण खुर्चीत बसल्या बसल्या. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकतो आणि सुकलेला दात पांढरा दिसतो. तेव्हाची शेड माझ्याकडं आली की कॅपही पांढरी होते, आणि आठवड्यानं रुग्ण म्हणतो, ‘दवाखान्यात तर जुळली होती.’ बाईंच्या ओठांवर लिपस्टिक असेल तर पुसायला सांगा. गर्द पदर असेल तर त्यावर करड्या रंगाचा रुमाल टाका. पाच-सात सेकंदांहून जास्त टक लावू नका, डोळा थकतो. आपल्याकडं जुलैत रंकाळ्यावर जो ढगाळ, सपाट उजेड असतो ना, सगळे त्याला शिव्या देतात, पण शेड बघायला त्याच्यासारखा उजेड नाही. पावसाळ्यात माझी परतीची कामं कमी होतात, हा माझा वहीतला हिशेब आहे.

एक युक्ती खास तुम्हाला. तात्पुरती कॅप बनवून झाली की बसवण्याआधी तिला कॅलिपरनं तीन ठिकाणी मोजा: मान, मध्य, कड. तात्पुरत्या कॅपची जाडी म्हणजेच तुम्ही मला दिलेली जागा. मान ०.५, मध्य ०.७, कड १.२ असं आलं तर मध्यावर अजून थोडं घासायचं की माझ्याकडून वेगळं मटेरियल घ्यायचं, हे रुग्ण खुर्चीत असतानाच ठरवता येतं. तीन आकडे चिठ्ठीवर लिहा. इतक्या वर्षांत असे आकडे लिहून पाठवणारे डॉक्टर मला दोनच भेटले, आणि त्यांच्या कामाला मी भट्टीतली पहिली जागा देतो. दात उगाच जास्त घासू नका मात्र. गेलेलं इनॅमल माझ्या कुठल्याच डबीत नाही.

आणि सिमेंट. जाडी एक मिलिमीटरच्या खाली असेल तर सिमेंटचा रंगही वर दिसतो, तेव्हा आधी ट्रायल पेस्ट (सिमेंटच्याच रंगाची, घट्ट न होणारी) लावून बघा. जाड आणि अपारदर्शक कॅपखाली उलटी भानगड: तुमच्या निळ्या लाइटचा उजेडच खाली पुरेसा पोचत नाही. तिथं फक्त लाइटनं घट्ट होणारं सिमेंट वापरू नका, लाइटशिवायही घट्ट होणारं ड्युअल-क्युअर घ्या. उजेड वर यायला अडतो तसा खाली जायलाही अडतो.

प्रश्न: दवाखान्यात एक माहितीपत्रक मिळालं. ‘अतिपारभासक झिर्कोनिया, सर्वांत मजबूत, अर्धा मिलिमीटर पुरे, दात घासावा लागत नाही.’ एवढं सगळं एकाच वस्तूत असतं का?
— एक निवृत्त अभियंता, जयसिंगपूर

उत्तर: तुम्ही अभियंते, तुम्हाला संशय आला तो योग्यच. पत्रकातलं एकेक वाक्य कुठल्या ना कुठल्या झिर्कोनियाबद्दल खरं आहे. सगळी मिळून एकाच झिर्कोनियाबद्दल खरी नाहीत.

झिर्कोनियाची चकती माझ्याकडं येते ती खडूसारखी, नखानं ओरखडा उठेल अशी. मशीन त्यातून दात कोरतं तो साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शानं मोठा, कारण १५०० अंशांच्या आसपास भाजल्यावर तो तेवढा आकसतो. भट्टीत खडू गेला आणि बाहेर आली ती अशी वस्तू की घासायला हिऱ्याचा बर (फिरतं टोक) लागतो. बत्तीस वर्षांनीही मला त्याचं नवल वाटतं.

यात यिट्रिया नावाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं, आणि सगळा खेळ त्याच्या प्रमाणावर. तीन टक्केवाल्या जुन्या प्रकारात (हे टक्के रेणूंच्या हिशेबानं) स्फटिक अशा आकाराचे असतात की उजेड एका स्फटिकातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक शिवेवर वाट बदलतो. शिवा लाखो, म्हणून वस्तू दुधासारखी. पण याच स्फटिकांत एक गुण असा की तडा जायला लागला की तडाच्या टोकाशी ते रूप बदलून फुगतात आणि तडा दाबून धरतात. म्हणून त्याची ताकद हजार मेगापास्कलच्या वर. पाच टक्केवाल्यात निम्मे-अधिक स्फटिक घनाकृती रचनेचे होतात, त्यांच्यात उजेड सरळ जातो, दात छान दिसतो. मात्र ते स्फटिक फुगून तडा दाबत नाहीत, आणि ताकद बरीच उतरते, साधारण निम्म्या-पाऊण पट्टीवर. अधे-मधे चार टक्केवालाही आहे. पारभासकता विकत घ्यायची तर किंमत ताकदीत मोजावी लागते, आणि पत्रकवाले ती पावती दाखवत नाहीत.

आता अर्धा मिलिमीटर. पट्टी निम्म्या जाडीची केली तर वाकवण्याचा भार ती निम्मा नाही, पाव पेलते. हे तुम्हाला मी काय सांगावं. तीन टक्केवाला मजबूत प्रकार दाढेला अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमध्ये चालून जातो, पण तो ‘अतिपारभासक’ नव्हे. पारभासक प्रकार तेवढ्या जाडीत दाढेखाली द्यायला मी तयार होत नाही. शेंगदाणे आणि मटणाची नळी फोडणारी माणसं आहोत आपण.

जाडीच्या बाबतीत झिर्कोनियाचा स्वभाव काचेच्या सिरॅमिकहून वेगळा आहे, हेही लिहून ठेवा. जुना झिर्कोनिया मुळातच कमी पारभासक, त्यामुळं जाडी थोडी कमी-जास्त झाली तरी त्याचं दिसणं फार हलत नाही. काचेचं सिरॅमिक जाडीला फार हळवं. म्हणून डॉक्टरांचा हात समान चालत नसेल, खाली डाग असेल, तर झिर्कोनिया चुका पोटात घालतो. आणि दात न घासता पुढच्या दातावर पातळ पापुद्रा चिकटवायचा असेल, ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा, तर मी काचेच्या सिरॅमिककडं जाईन. ते हायड्रोफ्लोरिक आम्लानं आतून खरवडता येतं, इनॅमलला घट्ट धरतं, आणि मग मागचा दातच त्याची ताकद होतो. झिर्कोनियावर ते आम्ल तसं चालत नाही, त्याला वाळूचा मारा आणि वेगळा प्रायमर लागतो. दात आधीच पुढं आलेले असतील तर मात्र न घासता काहीही चिकटवलं तरी ओठ फुगतो. हे पत्रकात नसतं.

कुठल्या दातासाठी घेताय ते तुम्ही लिहिलं नाहीत. दाढ असेल तर पारभासकतेचा विचारच सोडा. जांभई देताना सोडून ती कुणाला दिसणार?

प्रश्न: मी मिश्री लावते. सून म्हणते कॅप काळी पडेल. पडते का?
— एक आजी, राधानगरी तालुका

उत्तर: आजी, कॅप नाही पडत, तिच्यावर काचेचा तुकतुकीत थर असतो. तो थर घासला गेला, म्हणजे कॅप उंच लागते म्हणून दवाखान्यात बरनं घासली आणि पॉलिश करायची राहिली, तर मात्र त्या खरखरीत जागी राप बसतो. पण कॅपच्या कडेला हिरडीपाशी जो तुमचा खरा दात उरलाय तो काळा पडेल, आणि पातळ कॅप असेल तर तो काळेपणा आतून दिसेल. मिश्री सोडाच. ते कॅपसाठी नव्हे, हिरडीसाठी आणि गालासाठी. त्यात तंबाखू आहे. सुनेचं ऐका.

प्रश्न: गणपती मिरवणुकीत महाद्वार रोडवर जांभळ्या लाइटखाली मित्रांनी व्हिडिओ काढला. सगळ्यांचे दात चमकतायत आणि माझा पुढचा एक दात गायब! तिथं नुसती काळी खिडकी. दिवसा तर दात एकदम ओके दिसतो. पोरांनी त्याचं स्टेटस ठेवलंय. काय विषय आहे?
— एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

उत्तर: विषय सोपा आहे. तुमची ती कॅप धातूवरची, पाच-सात वर्षं जुनी असावी.

खरा दात स्वतः उजळतो. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण पडले की आतलं डेंटिन ते घेतं आणि निळसर पांढरा उजेड बाहेर टाकतं. उन्हातही हे चालू असतं, फक्त तिथं बाकीचा उजेड एवढा की कळत नाही. जांभळ्या लाइटखाली बाकीचं सगळं अंधारात जातं आणि दात तेवढे उरतात. तुमच्या कॅपमध्ये तसा उजळणारा घटक नाही किंवा अगदी थोडा आहे, आणि खाली ओपेकचा थर आणि धातू, म्हणजे किरण आतल्या डेंटिनपर्यंत पोचायचा रस्ताही बंद. पातळ सिरॅमिक असतं तर खालच्या दाताची चमक थोडीफार तरी वर आली असती. तिथंही परत जाडीच.

ही अडचण जुनी आहे. एकेकाळी पोर्सिलेनच्या दातांत चमक यावी म्हणून युरेनियमची संयुगं मिसळत. घाबरू नका, ते कधीच बंद झालं, आता त्याऐवजी दुर्मीळ मृदा धातूंची ऑक्साइडं घालतात. नुसत्या झिर्कोनियाची कॅपही जांभळ्या लाइटखाली बरीच मंद दिसते, म्हणून तिच्यावर चमक असलेलं ग्लेझ लावतात.

एका रात्रीच्या व्हिडिओसाठी चांगली बसलेली कॅप काढू नका. कधी बदलायचीच वेळ आली तर डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘फ्लोरोसंट ग्लेझ’ असं स्पष्ट लिहायला सांगा, आणि सिमेंट लावायच्या आधी अंधाऱ्या खोलीत शेजारच्या दाताबरोबर पडताळून घ्या. त्याला फार मोठं यंत्र लागत नाही. माझ्या टेबलावर आहे तो नोटा तपासायचा छोटा टॉर्च आहे, महाद्वार रोडवरच घेतलेला.